फॉरेन्सिक सायन्सला प्रवेश घेण्याआधी

बारावी सायन्सनंतर फॉरेन्सिकला जायचं म्हणणारी मुलं, विशेषतः मुली, वाढताहेत. त्याला कारणही आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६ नुसार, सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावे गोळा करायचे आहेत. तयारीसाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंत मुदत आहे. म्हणजे माणसं लागणार.

पण आधी एक गैरसमज. पोस्टमॉर्टेम करणारा डॉक्टर वेगळा. त्यासाठी एमबीबीएस लागतं. फॉरेन्सिक सायन्सवाला प्रयोगशाळेत बसतो. व्हिसेरा, रक्ताचे डाग, डीएनए, संशयित सही, मोबाईलमधला डेटा तपासून अहवाल देतो आणि कोर्टाने बोलावलं तर उलटतपासणीला उभा राहतो. टीव्हीवरच्या मालिकेसारखी धावपळ यात थोडीच. नोंदी, नमुने आणि चिकाटीच फार. या अहवालावर कुणाची शिक्षा, कुणाची सुटका अवलंबून असते. तो रखडला की कच्च्या कैद्याच्या घरच्यांचे काय हाल होतात, हे वेगळं सांगायला नको.

जाता जाता: ठशांचं वर्गीकरण करण्याची जी 'हेन्री पद्धत' जगभर गेली, ती बसवण्यात काझी अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोघांचा मोठा वाटा होता. १८९७ साली कोलकात्यात फिंगरप्रिंट ब्युरो सुरू झाला. नाव मात्र साहेबाचं झालं.

महाराष्ट्रात शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था मुंबई, नागपूर आणि औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) इथे आहेत. आमच्या मते पहिला अर्ज इथेच करावा. राष्ट्रीय फॉरेन्सिक सायन्सेस विद्यापीठाचं मुख्यालय गांधीनगरला आहे, गोव्यातही कॅम्पस आहे. तिथली फी मात्र आधी नीट बघा. गणित किंवा कॉम्प्युटरची आवड असेल तर सायबर फॉरेन्सिककडे वळता येतं.

आता खरी मेख. सरकारी प्रयोगशाळेची भरती निघते तेव्हा जाहिरातीत पात्रता पदानुसार वेगळी असते. कुठे रसायनशास्त्र, कुठे जीवशास्त्र, कुठे फॉरेन्सिकची पदवी चालते. म्हणून प्रवेशाआधी मागच्या दोन-तीन जाहिराती काढून वाचाव्यात. आधी रसायनशास्त्रात बी.एस्सी. आणि मग फॉरेन्सिकमध्ये एम.एस्सी., हा मार्ग आम्हाला जास्त सुरक्षित वाटतो. नोकरी लांबली तरी औषध कंपनी, अन्न तपासणी, शिक्षकी हे दरवाजे उघडे राहतात. सहा महिन्यांच्या 'फॉरेन्सिक एक्स्पर्ट' सर्टिफिकेटसाठी मात्र अम्मीचे दागिने मोडू नका. पदवी देणाऱ्या विद्यापीठाला यूजीसीची मान्यता आहे का, स्वतःची प्रयोगशाळा आहे का, हे जाऊन डोळ्यांनी पाहा.

आर्ट्स-कॉमर्सच्या मुलांनी नाराज होऊ नये. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत गुन्हेशास्त्र आणि न्याय या विषयात समाजकार्याचं पदव्युत्तर शिक्षण मिळतं. तुरुंग, बालगृहं, पोलीस ठाणी हे त्याचं कामाचं क्षेत्र. कायद्याची पदवी हाही एक रस्ता आहेच.

फीसाठी मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाच्या शैक्षणिक कर्जाची चौकशी जिल्हा कार्यालयात करावी. उत्पन्नाचा दाखला आणि डोमिसाईल निकालाआधीच काढून ठेवा. जूनमध्ये सेतू केंद्रावर रांग असते.