पणजोबा हाडवैद्य

सहा महिने मामांचं एकच पालुपद होतं: "मना गुडघा दुखस." गावच्या हाडवैद्याचं तेल चोळून झालं, फडकं बांधून झालं. गुडघ्याचा एक्स-रेही स्वच्छ आला. शेवटी त्यांना धुळ्याला दाखवायला नेलं. डॉक्टरांनी गुडघ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मामांना उताणं निजवलं आणि बरा पाय मुडपून छातीशी कवटाळायला लावला. तसा दुखरा पाय आपोआप टेबलावरून वर आला. मामा स्वतःच्याच पायाकडे परक्यासारखे बघत राहिले. "दुखणं खुब्यात आहे," डॉक्टर म्हणाले, "ही थॉमस चाचणी." खुब्याला आणि गुडघ्याला काही नसा सामाईक असतात, म्हणून खुब्याची कळ पुष्कळदा गुडघ्यात उमटते.

परतताना मामा वाटभर हाडवैद्याला शिव्या घालत होते. मी मात्र हा थॉमस कोण, या नादाला लागलो आणि जे हाती लागलं त्याने मामांची पंचाईत झाली. थॉमसचं घराणंच हाडवैद्यांचं!

ह्यू ओवेन थॉमस यांचा जन्म 1834 चा, वेल्सच्या अँगलसी बेटावरचा. त्यांच्या पणज्याची गोष्ट अशी सांगतात: अठराव्या शतकाच्या मध्याला तिथल्या किनाऱ्यावर जहाज फुटलं आणि एक पोरगा वाचला. त्याची भाषा कुणालाच कळेना. गावाने त्याचं नाव ठेवलं इव्हान थॉमस. पोरगा आधी जनावरांची, मग माणसांची हाडं बसवू लागला. तो मूळचा कुठला, यावर वाद आहे. कोणी त्याला स्पेनचा म्हणतं, कोणी स्कॉटलंडकडचा. अलीकडे वंशजांच्या डीएनए तपासणीवरून कॉकेशसचंही नाव निघालं, असं सांगतात. मला स्पेनची कथा कमी पटते. अनोळखी भाषा ऐकली की दर्यावरच्या लोकांना पहिला स्पेनच आठवत असणार.

पुढच्या पिढ्यांनी हाच धंदा केला. बाप लिव्हरपूलला आला. ह्यू हा घरातला रीतसर शिकलेला डॉक्टर. त्याने 1875 मध्ये खुबा, गुडघा आणि घोटा यांच्या विकारांवर पुस्तक लिहिलं. तेव्हा खुब्याचा क्षय घरोघरी होता. आखडलेला खुबा लपवायला रोगी कंबरेत कमान करतो, मग पाय सरळ दिसतो. म्हणजे कंबर खोटी साक्ष देते. बरा पाय छातीशी धरला की ती कमान मोडते आणि खोटं उघडं पडतं.

बापाशी त्याचं जमलं नाही, दोघे लवकरच वेगळे झाले. म्हणून कोणी म्हणेल, चाचणी शिकलेल्या डॉक्टरची, घराण्याचा काय संबंध? मला ते मान्य नाही. ज्या तपासणीला सपाट फळी आणि दोन हात एवढंच लागतं, ती हाडवैद्याच्या ओट्यावरच सुचू शकते. पुरावा मागू नका, पण पैज लावायला मी तयार आहे.

खुबा या शब्दाचं कूळही असंच गुंतलेलं. कोकणातले शिंपल्यांतले खुबे कोणाला आठवतील. माझं मत खोबणीला. डोळ्याची खोबण, सुताराची खोबण, तशीच मांडीच्या हाडाच्या गोळ्याची. सुश्रुतांनी या सांध्याला उलूखल, म्हणजे उखळ म्हटलं आणि त्याच रांगेत खांदा आणि दात बसवले. रोमन लोकांना त्या खळग्यात व्हिनेगरची वाटी दिसली, शरीरशास्त्रातलं त्याचं लॅटिन नाव तेच आहे. खळगा एकच, ज्याला स्वयंपाकघरात जे दिसलं ते त्याने तिथे ठेवलं.

बाकीच्या चाचण्या थोडक्यात. ट्रेंडेलेनबुर्ग यांनी 1895 मध्ये एका पायावर उभं राहायला सांगितलं. दुसऱ्या बाजूची कंबर खाली झुकली, तर उभ्या पायाच्या खुब्याचे स्नायू कमजोर. तोवर एक्स-रे नव्हता, त्याचा शोध त्याच वर्षाच्या अखेरीस लागला. शिकागोचे पॅट्रिक एक घोटा दुसऱ्या गुडघ्यावर ठेवून मांडी खाली दाबत. ही तर आपली अर्धी मांडी झाली! मामांनी पंगतीत खाली बसणं वर्षापूर्वीच सोडलं होतं. ती तपासणी घरातच होऊन गेली होती, निकाल कोणी वाचला नाही.

पण या चाचण्यांवर भरवसा किती ठेवायचा? 1991 मध्ये अमेरिकी संधिवात तज्ज्ञांनी खुब्याच्या झिजेसाठी वय, सकाळची आखड, पाय आत वळवताना होणारं दुखणं अशा खुणांचे निकष ठरवले. त्यांत झीज असलेल्या शंभरांतले 86 सापडले आणि झीज नसलेल्या शंभरांतले 75 नीट वगळले गेले. म्हणजे झीज नसलेला दर चौथा माणूस उगाच अडकला. खुबा वाकवून, आत ओढून वळवण्याच्या चाचणीत तर खुब्यात हाडाला हाड घासण्याचा आजार असलेले बहुतेक सगळे कळवळतात, पण न घासणारेही कळवळतात. ती दुखली नाही तर तो आजार जवळजवळ नाही म्हणावा. दुखली, तर एवढ्यावर काहीच ठरत नाही.

चोपडा, यावल, शिरपूरच्या सातपुडा पट्ट्यात मात्र दुखलेली चाचणी सोडून देऊन चालत नाही. तिथे सिकलसेल आहे. त्यात खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून तो वाळत जातो. सुरुवातीला एक्स-रे निर्दोष दिसतो, एमआरआयमध्ये मात्र कळतं. तरुण पोरगा लंगडतोय आणि त्याला पाय आत वळवताना कळ येतेय, तर स्वच्छ फिल्म बघून त्याला घरी पाठवू नये.

गुडघा दुखतोय आणि गुडघ्यात काही सापडत नाही? मग डॉक्टरांना एवढंच म्हणा: एकदा खुबा वळवून बघा.