लॅपटॉपवर ‘व्हायरस सापडला’ म्हणून भोंगा वाजतोय? आधी फोन खाली ठेवा, मग हे करा

लॅपटॉपवर गाणं किंवा सिनेमा शोधताना अचानक लाल-निळी स्क्रीन येते. भोंगा वाजतो, एक बाई इंग्रजीत बजावते की तुमचा कॉम्प्युटर लॉक झाला आहे, आणि खाली ठळक अक्षरांत एक फोन नंबर असतो. माऊस धड चालत नाही, विंडो बंद होत नाही. आत्ता तुमच्यासमोर हेच चालू असेल आणि तुम्ही मोबाईलवर उपाय शोधत इथे आला असाल, तर एकच गोष्ट लगेच पाळा: त्या नंबरवर फोन करू नका. बाकी सगळं दहा मिनिटं उशिरा झालं तरी काही बिघडत नाही.

कारण ती स्क्रीन म्हणजे एक साधं वेबपेज असतं. वेबपेजला तुमच्या लॅपटॉपची डिस्क तपासता येत नाही, ब्राउझर त्याला तेवढी परवानगीच देत नाही. ‘५ व्हायरस सापडले’ हा आकडा आधीच लिहून ठेवलेला असतो, पेज उघडणाऱ्या प्रत्येकाला तोच दिसतो. मी तर अँड्रॉइड फोनवर ‘तुमचं विंडोज धोक्यात आहे’ असं आलेलं पाहिलंय! मायक्रोसॉफ्टने स्पष्ट सांगून ठेवलंय की त्यांच्या एरर मेसेजमध्ये फोन नंबर कधीच नसतो. म्हणजे नंबर दिसला की निकाल लागला, पुढचं वाचायचीही गरज नाही.

बंद कसं करायचं?

आधी कीबोर्डवरचं एस्केप बटण दोन-तीन सेकंद दाबून धरा. नुसतं एकदा दाबून सोडू नका, धरून ठेवा. पेजने फुल स्क्रीन घेतलेली असते, ती यामुळे सुटते. मग ऑल्ट आणि एफ४ एकत्र दाबा. तरीही हलत नसेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा, यादीत ब्राउझर निवडा आणि ‘एंड टास्क’ करा. पुन्हा ब्राउझर उघडल्यावर तो ‘रिस्टोअर पेजेस’ विचारेल, त्याला नाही म्हणा. हो म्हणालात तर तेच भूत परत हजर.

ब्राउझर बंद असतानाही कोपऱ्यात ‘अँटीव्हायरस संपला, आजच रिन्यू करा’ असे डबे येत असतील तर ती नोटिफिकेशन आहेत. कधीतरी एखाद्या साईटवर ‘तुम्ही रोबोट नाही हे दाखवण्यासाठी अलाऊ दाबा’ असं आलं होतं आणि दाबलं गेलं, तिथून हे सुरू होतं. नीट बघितलं तर त्या डब्यावर क्रोमचं नाव आणि एखाद्या विचित्र साईटचं नाव बारीक अक्षरांत असतं. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’, तिथे ‘साईट सेटिंग्ज’, तिथे ‘नोटिफिकेशन्स’ उघडा आणि परवानगी दिलेल्या यादीतून अनोळखी साईट काढून टाका. मोबाईलच्या क्रोममध्येही साईट सेटिंग्जमध्येच हे सापडतं. एक्स्टेन्शनची यादीही एकदा डोळ्याखालून घाला.

एक प्रकार मात्र खरोखर घातक आहे आणि तो दिसायला सगळ्यात साधा असतो. साईट म्हणते, ‘तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा: विंडोज बटण आणि आर दाबा, मग कंट्रोल आणि व्ही, मग एंटर.’ पेजने तुमच्या नकळत एक कमांड कॉपी करून ठेवलेली असते आणि ती तुम्ही स्वतःच्या हाताने चालवता. इथे खराच मालवेअर येतो. कोणतीही खरी साईट असं करायला सांगत नाही. हे करून बसला असाल तर खाली दिलेलं ऑफलाईन स्कॅन आजच करा आणि पासवर्ड दुसऱ्या मोबाईलवरून बदला.

फोन केला तर पलीकडे काय होतं

पलीकडचा माणूस अतिशय शांत, मदत करणारा वाटतो. तो एनीडेस्क किंवा तसं रिमोटचं अ‍ॅप टाकायला सांगतो. ही अ‍ॅप स्वतः खोटी नाहीत, ऑफिसात रोज वापरतात, पण आता लॅपटॉप त्याच्या हातात गेलेला असतो. मग तो ‘इव्हेंट व्ह्यूअर’ उघडून लाल खुणांची लांबलचक यादी दाखवतो. ही यादी प्रत्येक विंडोज लॅपटॉपमध्ये असते, नव्या कोऱ्यातसुद्धा, कारण विंडोज बारीकसारीक अडचणींचीही नोंद ठेवतं. काहीजण काळ्या खिडकीत ‘ट्री’ ही कमांड चालवतात. तिचं काम फक्त फोल्डरची यादी दाखवणं, पण अक्षरं भराभर पळताना बघून घरच्यांना वाटतं की स्कॅन चाललंय.

आणि इथेच स्टार्टअपचा संबंध येतो. पूर्वी विंडोजमध्ये ‘सिसकी’ नावाची एक सोय होती, तिने लॅपटॉप सुरू होण्याआधीच पासवर्ड मागता यायचा. पैसे द्यायला नकार दिला की हे लोक जाताना तो पासवर्ड लावून जायचे आणि दुसऱ्या दिवशी लॅपटॉप उघडतच नसे. मायक्रोसॉफ्टने २०१७ मध्ये विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीतून ती सोय काढूनच टाकली. आता ती खोडी करता येत नाही, पण रिमोटचं अ‍ॅप आणि ‘क्लीनर’ मागे राहतात आणि लॅपटॉप सुरू झाला की तेही सुरू होतात.

हा धंदा जुना आहे. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००८ मध्ये ‘इनोव्हेटिव्ह मार्केटिंग’ या कंपनीच्या लोकांवर खोट्या व्हायरस स्कॅनवरून दावा लावला, आणि २०१२ मध्ये त्यातल्या एका आरोपीला १६ कोटी ३० लाख डॉलर भरायचा आदेश झाला. आपल्याकडे ऑक्टोबर २०२३ मध्ये सीबीआयने ‘ऑपरेशन चक्र २’ मध्ये ७६ ठिकाणी झडत्या घेतल्या. त्यात मायक्रोसॉफ्ट आणि अ‍ॅमेझॉनच्या तक्रारींवरून खोटं टेक सपोर्ट चालवणाऱ्या कॉल सेंटरांवरही कारवाई झाली. गंमत बघा, खरा अँटीव्हायरस बनवणारी क्विक हील आपल्या पुण्याचीच. काटकर बंधूंनी ती एका दुरुस्तीच्या दुकानातून उभी केली. खरं अँटीव्हायरस तुम्ही मुद्दाम टाकावं लागतं. ते सिनेमाच्या साईटवर भोंगा वाजवत येत नाही.

लॅपटॉप सुरूच होत नाही किंवा फार वेळ घेतो

सोमाटण्यात माझ्याकडे येणाऱ्या लॅपटॉपांत एक ठरलेली कथा असते. पॉपअप आला, घाबरून ‘फ्री क्लीनर’ टाकला, तरी पॉपअप येतोच म्हणून आणखी एक अँटीव्हायरस टाकला, आणि आता लॅपटॉप सुरू व्हायला दहा मिनिटं. मालक म्हणतो व्हायरसने वाट लावली. व्हायरस बहुतेक वेळा नसतोच, औषधांनीच पोट बिघडलेलं असतं. दोन अँटीव्हायरस एकाच वेळी प्रत्येक फाईल तपासायला बसले की असंच होणार. एकच ठेवा. विंडोजमधला डिफेंडर घरगुती वापराला माझ्या मते पुरतो, आणि दुसरं अँटीव्हायरस काढलं की तो आपोआप चालू होतो.

लॅपटॉप उशिरा का होईना पण सुरू होत असेल, तर टास्क मॅनेजरमध्ये ‘स्टार्टअप अ‍ॅप्स’ उघडा. ज्यांच्यापुढे ‘हाय’ लिहिलंय आणि ज्यांची रोज गरज नाही ती ‘डिसेबल’ करा. याने अ‍ॅप उडत नाही, फक्त आपणहून सुरू व्हायचं थांबतं. मग ‘विंडोज सिक्युरिटी’मध्ये ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’, तिथे ‘स्कॅन ऑप्शन्स’, आणि ‘ऑफलाईन स्कॅन’ निवडा. लॅपटॉप रिस्टार्ट होऊन विंडोज उघडण्याआधीच तपासणी होते, साधारण १५ मिनिटं लागतात. चार्जर लावलेला ठेवा, पावसाळ्यात लाईटचा भरवसा नसतो.

लोगोवरच अडकत असेल तर आधी पेनड्राईव्ह वगैरे काढा. मग लोगो दिसला की पॉवर बटण दाबून धरून बंद करा. असं दोन-तीनदा केलं की विंडोज स्वतःच ‘ऑटोमॅटिक रिपेअर’मध्ये जातं. तिथून ‘ट्रबलशूट’, ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’, ‘स्टार्टअप सेटिंग्ज’, ‘रिस्टार्ट’, आणि मग ४ दाबलं की सेफ मोड उघडतो. सेफ मोडमध्ये क्लीनर चालू होत नाही, म्हणून तिथे तो निवांत अनइन्स्टॉल करता येतो. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राईकच्या सदोष अपडेटने जगभरात सुमारे ८५ लाख विंडोज मशीन अडकली, विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यायची वेळ आली. तेव्हाही इंजिनिअर लोकांनी सेफ मोडमध्ये जाऊन एक फाईल काढण्याचंच काम केलं होतं.

मध्येच निळ्या स्क्रीनवर ४८ आकडी ‘बिटलॉकर की’ मागितली तर तीही फसवणूक समजू नका, ती खरी असते. तुम्ही मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॅपटॉप सुरू केला असेल तर मोबाईलवरून त्याच अकाउंटमध्ये लॉगिन करून ‘डिव्हाईसेस’मध्ये ही की बहुतेक सापडते.

पैसे गेले असतील तर

सगळ्यात आधी वायफाय तोडा किंवा लॅपटॉपच बंद करा. मग बँकेला कळवा आणि १९३० ला फोन लावा. हा सायबर फसवणुकीचा राष्ट्रीय हेल्पलाईन नंबर आहे. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी ते गोठवायचा प्रयत्न होतो, म्हणून इथे मिनिटांना किंमत आहे. ‘सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन’वर ऑनलाईन तक्रारही करता येते. सोमाटणे-तळेगावकरांसाठी सांगतो, आपला भाग २०१८ मध्ये सुरू झालेल्या पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालयात येतो, पुणे ग्रामीणमध्ये नाही. वडिलांच्या खात्यातून गेले असतील तर लपवत बसू नका, खातेदाराने स्वतः बँकेला सांगितलं तर काम लवकर होतं. कॉल केलेला नंबर, व्यवहाराचा मेसेज आणि स्क्रीनचा मोबाईलवर काढलेला फोटो जपून ठेवा.

आणि दुकानात द्यायची वेळ आली तर ‘फॉरमॅट मारावा लागेल’ या वाक्याला लगेच मान हलवू नका. सेफ मोड उघडतोय का हे आधी विचारा. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल किंवा डिस्कच सापडत नाही असा मेसेज असेल तर मात्र दुखणं हार्डवेअरचं आहे, तेव्हा वारंवार चालू-बंद करू नका आणि ‘आधी डेटा काढून द्या, मग पुढचं बघू’ हे पावतीवर लिहून घ्या.