पलटणीतले धर्मगुरू

सिल्वासातल्या एखाद्या कॅथलिक फादरना भारतीय सैन्यात ‘पाद्रे’ म्हणून जावेसे वाटले, तर बहुतेक कागद गावातच जमतील. एकासाठी मात्र गोव्याकडे पाहावे लागेल. २ ऑगस्ट १९५४ ला सिल्वासा पोर्तुगिजांच्या हातून सुटले, १९६१ मध्ये दादरा-नगर हवेली भारतात सामील झाली, पण चर्चच्या कारभारात हा मुलूख आजही गोवा-दमणच्या महाधर्मप्रांतातच आहे. आणि सैन्याची अट अशी, की पाद्रेला रीतसर धर्मदीक्षा मिळालेली असावी व बिशपच्या मान्य यादीत त्याचे नाव कायम असावे.

या पदाची मुळे इंग्रजी अमदानीत आहेत. गोऱ्या शिपायांसाठी पगारी पाद्री असत. पुण्याच्या कॅम्पातले सेंट मेरीज चर्च १८२५ चे, त्या शिपायांसाठीच बांधलेले. देशी पलटणींत पंडित, ग्रंथी आणि मौलवी आले. स्वातंत्र्याबरोबर सरकारी पाद्र्यांचे खाते मिटले, पलटणीतले धर्मगुरू टिकले. ब्रिटिश आणि अमेरिकी सैन्यात धर्मगुरू हा कमिशन मिळालेला अधिकारी असतो. आपल्याकडे तो नायब सुभेदार. मला हेच बरे वाटते. घरचे दुखणे सांगायला जवानाला साहेबापेक्षा नायब सुभेदार जवळचा.

भरती होते ती दोन तराजूंत तोलून. आधी कोणत्याही शाखेची पदवी हवी. त्यावर पंडिताला संस्कृतातली ‘आचार्य’, किंवा ‘शास्त्री’ आणि जोडीला कर्मकांडाची एक वर्षाची पदविका. मौलवीला अरबीतली ‘आलिम’ किंवा उर्दूतली ‘अदीब आलिम’. म्हणजे एखादा घनपाठी वैदिक संहिता उलटसुलट म्हणून दाखवील, पण पदवी नसेल तर त्याचा अर्ज पहिल्याच टेबलावर अडेल. कागद जुळले की दुसरा तराजू: १६० सेंटिमीटर उंची, ७७ सेंटिमीटर छाती आणि ८ मिनिटांत १.६ किलोमीटर धाव. सोवळे-ओवळे बाजूला ठेवून पंडितजींनाही मैदानात उतरावेच लागते. शिवाय लेखी परीक्षा, मुलाखत आणि वैद्यकीय तपासणी.

निवडलेल्यांच्या निमित्ताने पुणे पुन्हा येते. सैन्याची राष्ट्रीय एकात्मता संस्था तिथे आहे. धर्मगुरूंचे प्रशिक्षण हे तिचे मुख्य काम. पोथी प्रत्येकाला येतेच. शिकायचे असते ते दुसऱ्याच्या पोथीशेजारी आपली ठेवणे. कारण पुढे पुष्कळ ठिकाणी ‘सर्वधर्मस्थळ’ असते, एका छपराखाली सगळ्यांचे देव. कसम परेडच्या दिवशी धर्मगुरू आपापला ग्रंथ घेऊन उभे राहतात आणि रंगरूट त्यावर हात ठेवून शपथ घेतो. एरवीचे काम गाजावाजा नसलेले: अंत्यसंस्कार, इस्पितळातल्या आजाऱ्यांची विचारपूस, शिक्षा भोगत असलेल्या जवानाची भेट.

हे सगळे सुरळीत चालते असे नाही. मंदिराच्या गाभाऱ्यात शिरायला नकार देणाऱ्या एका ख्रिस्ती अधिकाऱ्याची बडतर्फी २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने कायम ठेवली. सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हात घातला नाही.

पदांचा हिशेबही बोलका आहे. २०२२ च्या भरतीत १२८ जागा निघाल्या: १०८ पंडित, ५ गोरखा पलटणींसाठी पंडित, ८ ग्रंथी, ४ मौलवी, २ पाद्रे, १ बौद्ध भिक्षू. तो भिक्षूही महायान परंपरेचा, लडाख स्काउट्ससाठी. १९५६ ला नागपुरात धम्म स्वीकारलेल्या घरांतली पोरे महार रेजिमेंटपासून सगळीकडे आहेत; त्यांच्या विहारातल्या भन्तेंसाठी त्या जाहिरातीत रकाना नव्हता.

दादरा-नगर हवेलीतल्या वारली आणि कोकणा पाड्यांचे तर विचारायलाच नको. त्यांचा भगत कुठल्या पाठशाळेत गेलेला नसतो आणि त्याला प्रमाणपत्र देणारा बिशपही नसतो. वारल्यांचे लग्न लावते ती धवलेरी. चौकाच्या चित्रासमोर बसून रात्रभर गाणी म्हणणारी बाई. आणि धर्मगुरूंच्या भरतीची जाहिरात निघते ती फक्त पुरुषांसाठी.