जाळीपूर्वीची मैदाने

क्रिकेटच्या मैदानावर खेळाडू आणि प्रेक्षक यांच्यामध्ये दीर्घकाळ चुन्याची एक रेषा किंवा फार तर दोर एवढेच अंतर होते, आणि ते पाळले जाई ते पोलिसांच्या धाकापेक्षा प्रेक्षकांच्या संमतीने. ही संमती मोडली की पाहुण्या संघाच्या अंगावर काय येऊ शकते, हे ८ फेब्रुवारी १८७९ रोजी सिडनीत दिसले. लॉर्ड हॅरिस यांच्या इंग्लिश संघाने नेमलेला पंच जॉर्ज कूल्थार्ड याने बिली मर्डॉक या स्थानिक फलंदाजाला धावबाद ठरवताच जमाव मैदानात घुसला आणि खुद्द हॅरिस यांना काठीचा तडाखा बसला. कूल्थार्ड प्रतिस्पर्धी व्हिक्टोरिया वसाहतीतला होता आणि सामन्यावर पैजाही लागल्या होत्या. राग निरनिराळ्या वाटांनी साठलेला होता, तो हाताशी सापडलेल्या माणसावर निघाला.

भारतातील मैदानांवर ही जवळीक प्रारंभी आपुलकीचीच होती. १९६० मध्ये ब्रेबॉर्न स्टेडियमवर एका तरुणीने धावत जाऊन अब्बास अली बेग यांचे चुंबन घेतले, तेव्हा लोकांना मौज वाटली आणि बंदोबस्ताचा प्रश्न कोणाच्या मनात आला नाही. तो प्रश्न कलकत्त्याने उभा केला. १ जानेवारी १९६७ रोजी ईडन गार्डन्सवर जागेपेक्षा अधिक लोक आत आले, काही सीमारेषेच्या आत हिरवळीवर बसले, त्यांना हटवण्यासाठी पोलिसांनी लाठ्या चालवल्या, आणि पेटलेल्या स्टँडमधून वेस्ट इंडीजच्या खेळाडूंना जीव मुठीत धरून बाहेर पडावे लागले. त्यांच्यावर कोणाचाही राग नव्हता, हे येथे विशेष लक्षात घेण्याजोगे आहे.

बिल लॉरी यांच्या ऑस्ट्रेलियन संघाच्या १९६९ च्या दौऱ्यात मात्र पाहुणे स्वतःच अप्रिय ठरले. नोव्हेंबरमध्ये ब्रेबॉर्नवर भारताचा दुसरा डाव कोसळत असताना अजित वाडेकर आणि वेंकटराघवन यांची जोडी जमू पाहत होती. तोच पंचांनी वेंकटराघवन यांना यष्टीमागे झेलबाद दिले. स्टँडमध्ये ठिकठिकाणी ट्रान्झिस्टर होते, आणि फलंदाज बाद नव्हता असे आकाशवाणीच्या समालोचनातून सूचित झाल्यावर निर्णयाविषयीची शंका क्षणार्धात हजारो लोकांची खात्री बनली. बाटल्या आल्या, खुर्च्या मोडल्या, कनाती पेटल्या. लॉरी यांनी खेळ थांबवण्यास नकार दिला आणि धुरातच दिवस पुरा झाला. त्यांच्या या हट्टाला धैर्य म्हणण्याचा मोह होतो. परंतु ज्या कर्णधारावर दहा सहकाऱ्यांची जबाबदारी होती, त्याने ती पत्करलेली जोखीम होती, आणि मैदान सोडताना फिरकी गोलंदाज ग्लीसन यांना बाटली लागली तेव्हा तिचे मोल दुसऱ्याने भरले.

डिसेंबरमध्ये कलकत्त्यात डग वॉल्टर्स हे व्हिएतनाममध्ये लढून आलेले सैनिक असल्याची अफवा पसरली आणि संघ उतरलेल्या हॉटेलबाहेर निदर्शने झाली. वॉल्टर्स यांनी आपल्या देशातील सक्तीची लष्करी सेवा केली होती, व्हिएतनामला ते कधीच गेले नव्हते. पण ही साधी माहिती त्या जमावापुढे वेळीच आणि ठामपणे मांडली गेल्याचे दिसत नाही. त्याच कसोटीत तिकिटांच्या रांगेत चेंगराचेंगरी होऊन सहा जण मृत्युमुखी पडले, आणि पुढे ऑस्ट्रेलियनांच्या बसवर दगडफेक झाली. दौऱ्याच्या आठवणींत दगडफेक जितक्या ठळकपणे येते तितके हे सहा मृत्यू येत नाहीत, ही वेदनादायक गोष्ट आहे; कारण खेळाडूची सुरक्षितता आणि प्रेक्षकाची सुरक्षितता त्या दिवशी एकाच ढिसाळ व्यवस्थेच्या हाती होती.

जानेवारी १९७५ मध्ये नव्या वानखेडे स्टेडियमवर क्लाइव्ह लॉइड यांच्या द्विशतकाबद्दल अभिनंदन करायला धावलेल्या प्रेक्षकाला पोलिसांनी मारहाण केली आणि दंगल उसळली. प्रेम करणारा आणि हल्ला करणारा यांत फरक न करणारा बंदोबस्तच येथे आगीचे कारण झाला. पुढील काळात भारतीय मैदानांवर उंच लोखंडी जाळ्या सर्रास दिसू लागल्या. त्यांनी माणसे अडवली, फेकलेल्या वस्तू अडवल्या नाहीत: १९९६ च्या विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात ईडन गार्डन्सवर भारताची अवस्था ८ बाद १२० असताना बाटल्यांचा आणि जाळपोळीचा प्रकार झाला आणि सामनाधिकारी लॉइड यांनी सामना श्रीलंकेला बहाल केला.

फेब्रुवारी १९९९ मध्ये त्याच मैदानावर शोएब अख्तर यांच्याशी धडक होऊन सचिन तेंडुलकर धावबाद झाले, तेव्हा लोकांचा सारा रोष पाकिस्तानी संघाकडे वळला. तेंडुलकर आणि जगमोहन दालमिया यांनी मैदानाला फेरी मारून विनवणी केली, आणि खेळ पुन्हा सुरू होऊ शकला. अप्रिय खेळाडूच्या रक्षणासाठी प्रिय खेळाडूने उभे राहावे, हा उपाय जाळीहून जुना आणि अधिक परिणामकारक ठरला. दुसऱ्या दिवशी गोंधळ पुन्हा उसळल्यावर मात्र पोलिसांनी स्टँड रिकामे केले आणि पाकिस्तानने ४६ धावांनी मिळवलेला विजय पाहायला प्रेक्षक उरले नाहीत.