कल्याणच्या तबकड्या

अंबरनाथ-उल्हासनगरच्या शेजारी, कल्याणला १९६५ साली ३२ छोट्या तबकड्या आकाशाकडे तोंड करून उभ्या राहिल्या. प्रत्येकीचा व्यास जेमतेम ६ फूट. सिडनीजवळच्या पॉट्स हिल इथे वापरून झालेल्या या तबकड्या ऑस्ट्रेलियाने भारताला भेट दिल्या होत्या. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या गोविंद स्वरूप यांनी त्यांतून देशातली एक आद्य रेडिओ दुर्बीण उभारली. तिने पाहिला तो सूर्य, म्हणजे आपल्या सर्वांत जवळचा तारा.

तारा जन्मतो कसा? दीर्घिकेतला हायड्रोजन थंड होतो, दाटतो, त्याचे रेणू बनतात. मग ढगाचा गाभा स्वतःच्याच गुरुत्वाने आत कोसळतो, तापतो आणि तापमान सुमारे १ कोटी अंशांवर पोचलं की हायड्रोजनचं हेलियम होऊ लागतं. रेणू बनण्याआधीचा हा मूळ हायड्रोजन डोळ्यांना दिसत नाही; मात्र तो २१ सेंटिमीटर लांबीच्या रेडिओ लहरी सोडतो.

त्याच लहरींसाठी स्वरूप यांनी पुढे जुन्नर तालुक्यात खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण उभारली. तिथे आदित्य चौधुरी, निस्सीम काणेकर आणि जयराम चेंगलूर यांनी ७,६५३ दीर्घिकांचे क्षीण संकेत एकत्र करून ८ अब्ज वर्षांपूर्वीचा हायड्रोजन मोजला. तेव्हाच्याच वेगाने तारे घडत राहिले तर तो साठा एक-दोन अब्ज वर्षांतच संपणार होता. पुढे ताऱ्यांचे जन्म का रोडावले, याचं हे पटणारं उत्तर आहे. निबंध ऑक्टोबर २०२० मध्ये आला. स्वरूप महिनाभर आधीच गेले होते.

राष्ट्रीय विज्ञान दिनाला खोडदला प्रदर्शन भरतं. बदलापूर-अंबरनाथच्या शाळांनी तिथे सहल न्यावीच.