परग्रहावरचा बहुरूपी

श्रोतेहो, आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकीं कित्येकांना नवल वाटेल. परग्रहावरील एका खट्याळ प्राण्याचा संगणकावरील खेळ कोणीकडे, आणि आपल्या बीड जिल्ह्यांतील खेड्यापाड्यांतून हिंडणारा बहुरूपी कोणीकडे! परंतु दोहोंच्या मुळाशीं प्रश्न एकच आहे. परका जीव आपलें रूप पांघरून आपल्यांत शिरला, तर त्याला पाहून आपण हंसावें कीं भ्यावें? हा प्रश्न वरकरणी गमतीचा दिसतो. पण त्याच्या उत्तरावर माणसांचे प्राण अवलंबून राहिले आहेत, हें मी पुढें सांगणार आहें.

प्रथम खेळाची ओळख करून देतों. माझ्या नातवानें तो मला खेळून दाखविला, म्हणून हें धाडस. २००५ सालीं ‘डिस्ट्रॉय ऑल ह्यूमन्स’ या नांवाचा व्हिडिओ गेम अमेरिकेंत निघाला. पॅन्डेमिक स्टुडिओज या संस्थेनें तो रचला व टीएचक्यू या कंपनीनें प्रसिद्ध केला. २०२० सालीं तो नव्या स्वरूपांत पुन्हां बाजारांत आला. ‘सर्व मानवांचा संहार करा’ असें त्याचें नांव भयंकर असलें, तरी खेळ आहे निव्वळ थट्टेचा. त्याचा नायक क्रिप्टो हा फ्युरॉन जातीचा प्राणी. डोकें मोठें, रंग करडा, जीभ तिखट. या जातीनें अणुयुद्धें करून आपली प्रजननशक्ति गमावली आहे. स्वतःच्या प्रतिकृति काढून ती वंश चालविते. पण प्रतिकृतीवरून प्रतिकृति काढतां काढतां अस्सलपणा झिजत जातो. तो भरून काढण्यासाठीं लागणारें पूर्वजांचें बीज मानवाच्या मेंदूंत दडलेलें आहे, आणि तें लुटण्यासाठीं ही स्वारी १९५९ सालच्या अमेरिकेंत एका शेतमळ्यावर उतरते. उतरतांच समोर दिसलेल्या गाईंनाच तो पृथ्वीचे राज्यकर्ते समजतो आणि त्यांच्याशीं बोलणीं लावूं पाहतो! आपल्याकडील एखादा शेतकरी म्हणेल, यांत त्याचें फारसें चुकलें नाहीं.

या खेळाची खरी गंमत वेषांतरांत आहे. क्रिप्टो वाटेंत भेटलेल्या माणसाचें रूप घेतो व लोकांमध्यें मिसळतो. पण तें रूप फार वेळ टिकत नाहीं. टिकवावयाचें असेल तर जवळच्या माणसांचीं मनें वाचीत राहावें लागतें. आणि त्या मनांत आढळतें काय? शेजाऱ्याचा हेवा, लपविलेलीं लफडीं, पोकळ बढाई, आणि पदोपदीं कम्युनिस्टांची धास्ती. गांवांत कांहींही विपरीत घडलें, कीं तो कम्युनिस्टांचा कावा, असें अधिकारीही ठोकून देतात. तात्पर्य, खेळांतली थट्टा परग्रहवासीयाची नाहीं. भ्यालेल्या माणसांची आहे.

या भीतीला इतिहास आहे. १८९८ सालीं एच. जी. वेल्स या इंग्रज लेखकानें मंगळावरील प्राण्यांच्या स्वारीची कादंबरी प्रसिद्ध केली. तिचेंच नाट्यरूप ऑर्सन वेल्स यानें ३० ऑक्टोबर १९३८ रोजीं अमेरिकेंत नभोवाणीवरून सादर केलें, आणि तेंही अशा बेतानें, कीं चालू कार्यक्रम मध्येंच थांबवून खऱ्या बातम्या दिल्या जात आहेत असें ऐकणाऱ्यास वाटावें. दुसऱ्या दिवशींच्या वृत्तपत्रांनीं देशभर हाहाकार उडाल्याचीं वर्णनें छापलीं. कांहीं श्रोते खरोखरीच घाबरले होते. परंतु तो हाहाकार वृत्तपत्रांनीं पुष्कळच फुगविला होता, असें पुढील संशोधकांनीं दाखवून दिलें आहे. म्हणजे मंगळावरच्या स्वारीची अफवा एक, आणि त्या अफवेनें उडालेल्या घबराटीची अफवा दुसरी! परक्याचें भय असें दुहेरी वाढतें.

आतां आपल्या मातीकडे वळूं. वेषांतर करून गांवांत शिरणें हाच ज्याचा पिढीजात धंदा, तो आपला बहुरूपी. कांहीं भागांत त्याला रायरंद असेंही म्हणतात. हा धंदा किती जुना आहे, याची साक्ष ज्ञानेश्वरींत मिळते. १२९० सालच्या या ग्रंथांत, राजाराणीचें सोंग घेणाऱ्या बहुरूप्यांच्या मनांत स्त्रीपुरुषभाव नसतो, असा दृष्टांत आला आहे. म्हणजे सातशें वर्षांपूर्वींच्या श्रोत्यांना बहुरूपी समजावून सांगण्याची गरज नव्हती. ज्ञानेश्वरांचे पणजोबा त्र्यंबकपंत हे बीड प्रांताचे देशाधिकारी होते, असें परंपरा सांगते. पुढें सोळाव्या शतकांत, गोदावरीच्या पलीकडे पैठणास, एकनाथांनीं भारुडांतून जोशी, गोंधळी, वासुदेव, फकीर अशीं कितीतरी सोंगें उभीं केलीं आणि दारोदार हिंडणाऱ्या माणसाच्या तोंडून गांवाला शहाणपण ऐकविलें. शिवछत्रपतींचा हेर बहिर्जी नाईक वेषपालटांत निपुण होता, अशीही परंपरा आहे.

माझ्या लहानपणीं सुगीच्या दिवसांत बहुरूपी हटकून येई. अंगांत खाकी कोट, हातांत वही, चेहऱ्यावर कमालीचें गांभीर्य. पारावर बसलेल्या एखाद्या प्रतिष्ठिताच्या नांवानें तो वॉरंट फडकवी. क्षणभर त्या गृहस्थाचा चेहरा उतरे. मग आरोप वाचला जाई : शेजाऱ्याचा कोंबडा आरवण्याआधींच आपण उठलांत, सबब कोंबड्याची अब्रू गेली! पारावर हंशा पिके. शेवटीं बहुरूपी सलाम ठोकी, आपली ओळख देई, आणि त्याच्या झोळींत ज्वारी पडे.

या व्यवहाराचीं तीन अंगें होतीं : क्षणाचें भय, त्यानंतरचें हसूं, आणि शेवटीं पसाभर धान्य. त्यांतील कोणतेंही एक अंग गळालें तर तो व्यवहार मोडे. कायद्याचेंही तत्त्व असेंच आहे. १८६० च्या भारतीय दंडसंहितेंत सरकारी नोकराचा वेष कपटबुद्धीनें घालणें हा गुन्हा ठरविला होता. बहुरूप्याच्या ठायीं कपट नाहीं. आपलें सोंग उघडें पडावें याचसाठीं तो तें घेतो. भामटा आणि बहुरूपी यांतला हा भेद पूर्वीं शाळेंत न गेलेल्या म्हातारीलाही कळत असे.

येथेंच आपला बहुरूपी आणि तो परग्रहावरचा बहुरूपी यांचा मोठा फरक ध्यानांत येतो. क्रिप्टोच्या हातीं शस्त्रें आहेत, डोक्यावर उडती तबकडी आहे. त्याच्यापुढें माणसें दुबळीं. आपल्या बहुरूप्याच्या हातीं काय, तर लांकडी दंडुका! बळ सारें गांवाच्या बाजूस. म्हणून खेळांत परक्यानें माणसांना भिवविलें तर तो विनोद होतो; पण गांव परक्याला भ्यालें, तर संकट गांवावर येत नाहीं, परक्यावर येतें.

हें मी कल्पनेनें बोलत नाहीं. इंग्रजांनीं १८७१ सालीं कायदा करून कित्येक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविलें. त्यांत भटक्या जमाती अनेक होत्या. तो कायदा स्वतंत्र भारतांत १९५२ सालीं रद्द झाला, पण त्यानें पेरलेला संशय रद्द झाला नाहीं. २०१८ च्या उन्हाळ्यापासून देशभर मोबाईलवरून अफवा पसरली, कीं मुलें पळविणाऱ्या टोळ्या फिरत आहेत. १ जुलै २०१८ रोजीं धुळें जिल्ह्यांतील राईनपाडा या गांवीं, आठवड्याच्या बाजारादिवशीं, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पांच जण भिक्षेसाठीं आले होते. जमावानें त्यांना मुलें पळविणारे ठरविलें, ग्रामपंचायतीच्या कार्यालयांत कोंडलें आणि ठार मारलें. तेथें वॉरंट नव्हतें, पंचनामा नव्हता, आणि हंसणारें तर कोणीच नव्हतें.

या पंथाचे आदिगुरु मच्छिंद्रनाथ. त्यांची समाधि आपल्याच आष्टी तालुक्यांत सावरगांवीं आहे. शेजारीं मढीस कानिफनाथांची यात्रा भरते, तेथें भटक्यांचे मेळे पिढ्यानुपिढ्या जमत आले. तेव्हां राईनपाड्याचे ते पांच जण आपणांस परके कसे म्हणावे?

आणि श्रोतेहो, परकेपणाविषयीं बीड जिल्ह्यानें तरी बेफिकीर राहूं नये. दसरा सरला कीं आपल्या गांवांतून ट्रॅक्टर व ट्रक भरून लाखों माणसें ऊसतोडीला निघतात. नवराबायको मिळून एक कोयता. कोल्हापूर, सांगली, सातारा, थेट कर्नाटकापर्यंत तीं जातात. तेथें बोली निराळी, पाणी निराळें, आणि फडाच्या कडेला पाचटाची कोपी. त्या मुलखांतल्या म्हातारीच्या दृष्टीनें रात्रीं अंधारांत उसाच्या बाजूनें येणारा आपला मनुष्य कोण असतो? अनोळखी माणूस! तिनें आरडाओरडा न करतां ‘कोण गांव, बाबा?’ एवढेंच विचारावें, अशीच आपली अपेक्षा असते. तेवढाच प्रश्न राईनपाड्यास शांतपणें विचारला गेला असता आणि उत्तर ऐकून घेतलें असतें, तर पांच घरचे कर्ते परत आले असते.

क्रिप्टो मनें वाचूं शकतो. आपणांस ती विद्या नाहीं. म्हणूनच देवानें आपणांस विचारपूस करण्यासाठीं जीभ दिली आहे. बहुरूपी आतां विरळ झाले. त्यांचीं मुलें शाळांत जातात, आणि तें योग्यच आहे. पोटासाठीं कोणाच्या मुलानें सोंग घ्यावें, असें मी म्हणणार नाहीं. परंतु अजूनही एखादा आपल्या दारीं खाकी कोट घालून उभा राहिला, तर प्रथम त्याचा आरोप पुरता ऐकून घ्या, मनमुराद हंसा, त्याचें गांव विचारा, आणि मग सुपांतले दाणे त्याच्या झोळींत घाला.