फोटोची पाठ आणि रोलची कड

पीएचडीला विषय काय घ्यावा, असा प्रश्न तुमच्यापैकी बरेच जण विचारतात. आज उत्तर देत नाही, उलट एक गृहपाठ देतो. १९८०च्या दशकात तुमच्या घरी रंगीत फोटोंसाठी कोणता रोल वापरत, आणि तोच का? शोधून बघा. दिसतो तेवढा सोपा प्रश्न नाही हा.

मी तो केममध्ये, आमच्याच घरी विचारला. केम म्हणजे करमाळा तालुक्यातलं, दौंड-सोलापूर रेल्वेमार्गावरचं, कुंकवासाठी ओळखलं जाणारं गाव. आत्या लगेच म्हणाली, "कोनिका. स्वस्त पडायचा, सगळे तोच घ्यायचे." पुरावा म्हणून काकांच्या लग्नाचा अल्बम काढला. लग्नपत्रिका १९८५ ची. फोटो उलटा केला, तर पाठीवर फिकट करड्या अक्षरांत कोनिका, कोनिका, कोनिका. आठवण आणि वस्तू दोन्ही एकच सांगतायत म्हटल्यावर मी वहीत निष्कर्ष लिहून मोकळा झालो.

आणि तो चुकीचा होता. फोटोच्या पाठीवर नाव असतं ते कागदाचं. रोल कोणता होता, याचा त्याच्याशी काही संबंध नाही. लॅबवाल्याने ज्या कंपनीचा कागद मशीनला लावला असेल, तिचं नाव तिथे येतं. बहुतेक आत्याची आठवणसुद्धा याच पाठीवरून तयार झाली असणार. म्हणजे माझ्याकडे दोन पुरावे नव्हतेच, एकच पुरावा दोनदा मोजला होता. विज्ञान शिकलेल्या माणसाने हे करावं, याची लाज वाटली खरी.

रोलचं नाव निगेटिव्हच्या कडेवर असतं. छिद्रांच्या बाजूला ही अक्षरं कारखान्यातच प्रकाशाने उमटवलेली असतात, ती फिल्म धुताना चित्रासोबत दिसू लागतात. माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत एका पाकिटात पट्ट्या सापडल्या. खिडकीशी धरल्या, तर कडेवर कोडॅक. एका पट्टीवर मात्र 'गोल्ड' असंही होतं. कोडॅकच्या रंगीत निगेटिव्ह रोलला हे नाव १९८५ नंतर मिळालं, म्हणजे १९८५ च्या लग्नात ती पट्टी असूच शकत नाही. नीट पाहिलं तेव्हा पाळणा दिसला. बारशाची पट्टी लग्नाच्या पाकिटात गेली होती. कडेवर बारकोड असेल तर तोही कामाचा. ही डीएक्स पद्धत १९८३ ची, त्यामुळे बारकोड दिसला तर रोल त्यानंतरचा. नसला तर मात्र काहीच सिद्ध होत नाही. हे वाक्य दोनदा वाचा, तोंडी परीक्षेत विचारतात.

आता मूळ प्रश्न. कोडॅकचा रोल आणि कोनिकाचा कागद, हे जमलं कसं? इथेच स्वस्ताईचा खरा इतिहास आहे. रंगीत निगेटिव्हमध्ये शेवटी चांदी उरत नाही, उरतात रंगद्रव्यं. डेव्हलपर चांदीच्या क्षारांवर काम करताना स्वतः ऑक्सिडाइज होतो आणि थरातल्या कपलर नावाच्या रेणूंशी जोडून रंग तयार करतो, मग चांदी काढून टाकतात. कोडॅकोलर फिल्म आली १९४२ मध्ये, पण निरनिराळ्या कंपन्यांच्या फिल्म धुण्याच्या पद्धती पुढेही बराच काळ वेगवेगळ्या होत्या. १९७२ मध्ये कोडॅकने सी-४१ ही पद्धत आणली. डेव्हलपर सुमारे ३८ अंश सेल्सिअसला, वेळ सव्वातीन मिनिटं. फुजी, कोनिका, आग्फा यांनीही हळूहळू आपल्या फिल्म तिच्याशी जुळवून घेतल्या. मग एकाच टाकीत कोणाचाही रोल धुता यायला लागला. लॅबला चार कंपन्यांची चार रसायनं ठेवायची गरज उरली नाही.

म्हणून "स्वस्त रोल कोणता" हा प्रश्न मला अपुरा वाटतो. रोल, धुलाई आणि कॉप्या यांची बेरीज करा, तिला चांगल्या आलेल्या फोटोंच्या संख्येने भागा. बडोद्यात बनणाऱ्या आग्फा क्लिक थ्रीमध्ये १२० च्या एका रोलवर बारा फोटो बसायचे, ३५ मिमीच्या रोलवर छत्तीस. उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा 'इंदू' हा कृष्णधवल रोल होता, त्याची तुलना रंगीत रोलच्या नुसत्या किमतीशी केली तर हिशोब फसतो. शिवाय "चांगले आलेले" ही अटही महत्त्वाची. साध्या कॅमेऱ्यात छिद्र आणि वेग ठरलेले असायचे. सोलापूरच्या उन्हात प्रकाश जास्त झाला तरी रंगीत निगेटिव्ह ते सांभाळून घेते, घरातल्या अंधारात मात्र चित्र मातकट येतं. म्हणजे मांडवातले फोटो सुधारणारे, देवघरातले वाया जाणारे. आजही कोणी कलरप्लस २०० की गोल्ड २०० असं विचारलं, तर मी आधी विचारतो, फोटो कुठे काढणार?

अजून एक सापळा आहे. अल्बममधल्या आजीचं कुंकू बघून मी म्हणालो होतो, त्या रोलचा लाल रंग काय भारी होता! पण त्या काळच्या बऱ्याच कागदांत, फोटो अंधारात ठेवला तरी, निळसर सायन रंग सगळ्यांत आधी विरतो, मग अख्खा फोटो तांबूस होतो. आजीचं लुगडंही तांबूस, भिंतही तांबूस. हा रोलचा गुण नव्हे, कागदाचं वय आहे.

तुमच्या घरी अल्बम असेलच, निगेटिव्ह मात्र बहुतेक रद्दीत गेल्या असतील. फोटो आल्यावर त्यांचं काय काम, असं सगळ्यांनाच वाटायचं. आत्याही ते पाकीट टाकायलाच निघाली होती. मी पट्टी तिच्या हातात दिली. आजीच्या कपाळावर हिरवट-निळा ठिपका दिसत होता. "हे काय कुंकू?" आत्या म्हणाली. निगेटिव्हमध्ये लाल असाच दिसतो, हे तिला समजावलं. पटलं की नाही कोण जाणे. पण पाकीट तिने परत पेटीत ठेवलं, आणि बारशाची पट्टी वेगळ्या कागदात गुंडाळून.